दोरीने बांधलेली चौकट रोबोटचा भाग धरावी की दुसरा रोबोट?

प्रश्न : खानापूर_विज्ञानशिक्षक

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि गेली तीन वर्षे आठवी-नववीच्या मुलांना घेऊन रोबोटिक्सच्या शालेय स्पर्धांना जातो. मागच्या महिन्यात बेळगावात झालेल्या एका आंतरशालेय स्पर्धेत आमच्या संघाच्या एका फेरीचे गुण शून्य धरण्यात आले. निकाल बदलून मिळावा म्हणून मी लिहीत नाही. तो विषय संपला. परंतु हीच मुले पुन्हा स्पर्धेत उतरणार आहेत, आणि नियमातले वाक्य नेमके कसे वाचायचे हे त्यांना सांगणे माझे काम आहे. ते मला आज सांगता येत नाही, म्हणून हा प्रश्न.

काम असे होते. रोबोटने स्वतःच्या बळावर मैदानावर विखुरलेले सहा रंगीत ठोकळे गोळा करून एका चौकोनात आणायचे आणि मग परत प्रारंभ-चौकोनात येऊन थांबायचे. मुलांच्या लक्षात आले की रोबोट मागे सरकू लागला की ठोकळेही त्याच्याबरोबर ओढले जातात. म्हणून त्यांनी लेगोच्या पट्ट्यांची एक हलकी चौकट केली. ती रोबोटवर उभी असते, ठोकळे जागेवर आले की पुढे पडते आणि त्यांच्याभोवती कुंपणासारखी राहते. ती कधी कधी वाकडी पडत असे. ती ओढून सरळ करता यावी म्हणून मुलांनी हातभर नायलॉनच्या दोरीने ती रोबोटला बांधून ठेवली.

नियमपुस्तिका इंग्रजीत, दोन पानांची होती. त्यातील आमच्याशी संबंधित तीन वाक्यांचा मी केलेला अनुवाद देतो. ‘प्रत्येक संघाला एकच रोबोट वापरता येईल.’ ‘सुरुवातीच्या स्थितीत रोबोट, वायरींसह, २५० मि.मी. लांबी, रुंदी व उंचीच्या घनात मावला पाहिजे.’ ‘फेरी संपताना रोबोट पूर्णपणे प्रारंभ-चौकोनात असल्यास त्याचे स्वतंत्र गुण मिळतील.’ रोबोट म्हणजे काय, याची व्याख्या त्या पुस्तिकेत कोठेही नाही, आणि एखादा भाग मैदानावर सोडता येतो की नाही याविषयीही काही लिहिलेले नाही. परीक्षकांनी दोन कारणे दिली. चौकट वेगळी होत असल्यामुळे हे दोन रोबोट झाले, आणि चौकटीसह रोबोटची लांबी २५० मि.मी.पेक्षा जास्त झाली.

आणखी एक गोष्ट घडली. दोन फेऱ्यांच्या मध्ये डाव्या मोटरचा गिअर घासून निकामी झाला. मुलांकडे चाके आणि मोटरी बसवलेला एक राखीव पाया तयार होता. त्यांनी नियंत्रक, म्हणजे रोबोट चालवणारा छोटा संगणक, आणि चौकट त्यावर चढवली. हा दुसराच रोबोट आहे, अशी हरकत दुसऱ्या एका शाळेने घेतली, परंतु परीक्षकांनी ती मान्य केली नाही. म्हणजे एक निर्णय आमच्या विरुद्ध गेला आणि एक आमच्या बाजूने, पण दोन्हींचा आधार मला कळलेला नाही. चौकट रोबोटचा भाग आहे का? नियम जेथे गप्प आहे तेथे परवानगी समजावी की मनाई? आणि किती भाग बदलले म्हणजे रोबोट बदलला असे म्हणावे?

उत्तर : परीक्षक_टिळकवाडी

नमस्कार सर. मी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि काही शालेय स्पर्धांत परीक्षक म्हणून उभा राहिलो आहे. आपल्या स्पर्धेत मी नव्हतो, त्यामुळे तेथे प्रत्यक्ष काय दिसले हे मला माहीत नाही. परंतु आपण दिलेली दोन कारणे शेजारी ठेवून वाचली तर ती एकत्र टिकत नाहीत. चौकट हा दुसरा रोबोट असेल तर तिची लांबी पहिल्या रोबोटच्या लांबीत मिळवता येणार नाही. आणि ती मिळवायची असेल तर चौकट त्याच रोबोटचा भाग आहे, अर्थात रोबोट एकच आहे. परीक्षकाला यांपैकी एकच कारण निवडता येते.

लांबीचे कारण घेतले तर ‘सुरुवातीच्या स्थितीत’ हे शब्द निर्णायक आहेत. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या रोबोमिशन प्रकारातही २५० मि.मी.ची हीच मर्यादा आहे, वायरी त्यातच धरतात, आणि रोबोट सुटल्यानंतर त्याच्या आकारावर बंधन नाही असे तेथे स्पष्ट म्हटलेले आहे. आपल्या आयोजकांनी आकडा बहुधा तेथूनच घेतला आणि पुढचे वाक्य घ्यायचे राहिले. व्हेक्स ही अशीच दुसरी रोबोटिक्स स्पर्धा; तिच्या व्ही-५ प्रकारात सुरुवातीचा आकार प्रत्येक बाजूला १८ इंच असतो, आणि ज्या हंगामात रोबोटने नंतर किती पसरावे यावर बंधन हवे असते त्या हंगामात ते वेगळ्या नियमाने घातले जाते. पसरण्यावर मर्यादा हवी असणारा माणूस ती लिहितो. आपल्या पुस्तिकेत ती नाही, तेव्हा चौकट पडल्यानंतरची लांबी मोजण्याला आधार नव्हता.

आता चौकट म्हणजे काय, या मूळ प्रश्नाकडे येतो. वेगवेगळ्या स्पर्धांनी याचे उत्तर वेगवेगळ्या दिशेने दिले आहे, आणि एकीकडचे उत्तर दुसरीकडे वापरण्यानेच बहुतेक वाद होतात असा माझा अनुभव आहे. फर्स्ट या संस्थेच्या फर्स्ट लेगो लीग या शालेय स्पर्धेत रोबोट म्हणजे नियंत्रक आणि त्याला हाताने जोडलेले असे सर्व साहित्य, जे हाताखेरीज अन्य प्रकारे त्यापासून सुटावे असा हेतू नाही. या व्याख्येचा सगळा भार ‘हेतू’ या शब्दावर आहे. आपली पहिली, बिनदोरीची चौकट मुद्दाम सुटण्यासाठीच केलेली होती. म्हणून त्या व्याख्येप्रमाणे ती रोबोटवर बसलेली असतानासुद्धा रोबोट नव्हती. ती संघाचे साहित्य होती. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड हेतू पाहत नाही, स्पर्श पाहते. नियंत्रक, मोटर किंवा सेन्सर नसलेला भाग रोबोटला मैदानावर सोडता येतो, आणि तो भाग मैदानाला किंवा खेळातील वस्तूला टेकला व रोबोटला टेकेनासा झाला की त्या क्षणापासून तो मोकळा घटक होतो. तिसरीकडे त्याच संस्थेची मोठ्या मुलांसाठीची फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन रोबोटकडे यंत्रणा म्हणून पाहते. ऊर्जा, संपर्क, नियंत्रण, हालचाल अशा मूलभूत व्यवस्था ज्यात आहेत ती विद्युत-यांत्रिक जुळणी म्हणजे रोबोट.

या तिन्हींपैकी कोणतीही कसोटी लावली तरी आपली चौकट ‘दुसरा रोबोट’ ठरत नाही, कारण तिच्यात मोटर नाही, बॅटरी नाही, नियंत्रक नाही. ती भाग तरी आहे किंवा वस्तू तरी. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनच्या २०१५ च्या हंगामात वाहतुकीच्या स्थितीतील रोबोटला २८ बाय ४२ बाय ७८ इंचांची मर्यादा होती, आणि काही संघांनी मुख्य रोबोटला केबलने अथवा दोरीने जोडलेले रॅम्प मैदानावर मांडले. ते एकाच रोबोटचे भाग मानून खेळवले गेले. हे उदाहरण आपल्या स्पर्धेवर बंधनकारक नाही, पण दोरीने जोडलेला भाग पाहून परीक्षकाने दचकण्याचे कारण नाही एवढे त्यावरून म्हणता येते.

राखीव पायाच्या बाबतीत मात्र मी हरकत घेणाऱ्या शाळेच्या बाजूला थोडा झुकतो. व्हेक्सच्या पुस्तिकेत रोबोटच्या तीन उपयंत्रणा मानल्या आहेत. चाके, पट्टे, पाय अशा साधनांनी मैदानावर फिरणारा पाया ही पहिली; बॅटरी, नियंत्रक आणि त्या पायाच्या मोटरी ही दुसरी; वस्तू उचलणे, ढकलणे, अडथळे ओलांडणे यांसाठीची जास्तीची यंत्रणा ही तिसरी. पहिली आणि दुसरी असल्याशिवाय रोबोट होत नाही, आणि त्यांतील एखादी संपूर्ण बदलली तर आपण दुसरा रोबोट केला, असे तेथे थेट लिहिलेले आहे. तिसरी कितीही वेळा बदला. आपल्या मुलांनी चौकट बदलली असती तर प्रश्नच नव्हता. त्यांनी पाया मोटरींसकट बदलला. आपल्या पुस्तिकेत हा नियम नसल्यामुळे निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी तयार दुसरा पाया पेटीत घेऊन जाण्याआधी आयोजकांना विचारावे.

उत्तर : शहापूरचे_निवृत्त_वकील

माझा नातू या स्पर्धांत भाग घेतो, त्यामुळे हा धागा रस घेऊन वाचला. यंत्रांचे मला काही कळत नाही. मात्र वाक्यांचा अर्थ लावण्यात आयुष्य गेले. परीक्षक सरांचे विवेचन मला पटले, तरी दोन ठिकाणी थांबावेसे वाटते.

पहिले, व्याख्येविषयी. आपल्या कायद्यांत व्याख्या दोन तऱ्हांनी लिहितात. ‘अमुक म्हणजे तमुक’ असे म्हटले की व्याख्या तेथेच संपते, बाहेरचे काही आत आणता येत नाही. ‘अमुक यात तमुकाचा समावेश होतो’ असे म्हटले की शब्दाचा रोजचा अर्थ कायम राहतो आणि त्यात भर पडते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीचा आणि संघटनेचाही समावेश केला आहे तो याच दुसऱ्या तऱ्हेने. म्हणून माणूस व्यक्ती राहतोच. मुलांना कोणतीही पुस्तिका वाचायला देताना व्याख्येचे वाक्य या दोहोंपैकी कोणत्या घडणीचे आहे हे आधी तपासायला लावावे. आपल्या पुस्तिकेत व्याख्याच नाही. तशा वेळी शब्दाचा साधा, व्यवहारातला अर्थ घ्यायचा असतो, आणि व्यवहारात मोटर नसलेल्या चार पट्ट्यांना कोणी रोबोट म्हणत नाही.

मौनाविषयी असे. अर्थ लावणाऱ्याने नियमात नसलेले शब्द घालू नयेत, आणि शिक्षा करणारी तरतूद असेल तर ती संकुचित वाचावी, संशयाचा फायदा ज्याला शिक्षा होणार त्याला द्यावा, ही न्यायालयातली जुनी वहिवाट आहे. संपूर्ण फेरी शून्य धरणे ही त्या मुलांच्या दृष्टीने शिक्षाच होती, आणि तिला नियमाचे एकही वाक्य आधाराला नव्हते.

दुसरे मात्र आपल्याला कदाचित आवडणार नाही, सर. एकाच दस्तऐवजात एकच शब्द तीन वेळा आला असेल तर, उलट काही दिसत नसल्यास, तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एकच धरावा लागतो. दोरी बांधल्यामुळे चौकट रोबोटपासून सुटली नाही, ती त्याचाच भाग राहिली, हे आपण पहिल्या वाक्यासाठी म्हणणार. तर तिसऱ्या वाक्यातही तो रोबोट चौकटीसह धरावा लागेल. फेरी संपताना चौकट ठोकळ्यांजवळ होती आणि बाकीचा रोबोट प्रारंभ-चौकोनात होता. म्हणजे रोबोट ‘पूर्णपणे’ प्रारंभ-चौकोनात नव्हता. माझ्या वाचनाप्रमाणे फेरी वैध होती, ठोकळ्यांचे गुण मिळायला हवे होते, आणि परत येण्याचे गुण मिळायला नको होते. आपल्याला दोन्हीकडचा लाभ घेता येणार नाही, आणि परीक्षकांना दोन्हीकडून दंड करता येणार नाही.

उत्तर : परीक्षक_टिळकवाडी

वकीलसाहेब, तिसऱ्या वाक्याचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. तो बरोबर आहे. बिनदोरीची चौकट स्पर्शाच्या कसोटीने मोकळा घटक झाली असती आणि रोबोट पूर्णपणे चौकोनात आला असता. दोरीने ती पुन्हा रोबोटला बांधली गेली. मुलांनी सोयीसाठी घातलेल्या दोरीने तिचा दर्जाच बदलला.

मौनाच्या बाबतीत मात्र मी न्यायालयाची वहिवाट जशीच्या तशी मैदानावर आणणार नाही. याचे उत्तर प्रत्येक स्पर्धेने आपल्यापुरते देऊन ठेवलेले असते आणि ते सारखे नाही. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनची पुस्तिका सांगते की मजकुराचा अर्थ तो जे म्हणतो तेवढाच आणि नेमका तेवढाच आहे. लिहिणाऱ्याचा हेतू, मागील वर्षांचे नियम किंवा बाहेरच्या जगातील रीत यांवरून तर्क करू नये. लपलेली बंधने नाहीत. तेथे नियमाखाली निळ्या चौकटीत स्पष्टीकरणे असतात, आणि त्यांचा नियमाशी विरोध आला तर नियमाचे वाक्य चालते. व्हेक्सची पुस्तिका उलट सांगते की नियम वाचताना आणि लावताना सामान्य समज नेहमी वापरावी. फर्स्ट लेगो लीगमध्ये निर्णय दोन्हीकडे जाऊ शकत असेल तर संशयाचा फायदा संघाला द्यावा, अशी परीक्षकांना सूचना असते. म्हणून कोणतीही पुस्तिका हाती आली की आकाराचे आकडे पाहण्याआधी, ही पुस्तिका स्वतःला कशी वाचायला सांगते ते पान मी शोधतो. स्थानिक स्पर्धांच्या दोन पानी पुस्तिकांत ते पान नसते, आणि सगळी अडचण तेथून सुरू होते. परीक्षकाजवळ मिनिट-दोन मिनिटे असतात, समोर पुढचा संघ उभा असतो. त्याने शंका संघाच्या पदरात टाकावी असे माझे मत आहे, पण तसे लिहिलेले नसताना तो त्याच्या स्वभावाचा भाग राहतो.

उत्तर : उद्यमबाग_टूलरूम

मी उद्यमबागेत बावीस वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारे व साचे बनवणाऱ्या विभागात, काम करतो. चौकटीच्या वादात पडत नाही, मोजमापाविषयी लिहितो, कारण सरांनी रोबोटची सुरुवातीची नेमकी लांबी लिहिलेली नाही आणि मला तीच काळजी वाटली.

ड्रॉइंगवर ‘२५० कमाल’ लिहिलेले असेल तर त्यात अधिकची सूट शून्य असते. २५०.५ आले तर नग बाद. लेगो टेक्निकच्या पट्टीवरील दोन छिद्रांमधले अंतर ८ मि.मी. असते. ३१ छिद्रांची लांबी धरली तर २४८ मि.मी. होते, आणि मुले खूश होतात की मावले. पण टोकाला बाहेर आलेला एक ॲक्सल किंवा एक फुगलेली वायर ते २ मि.मी. खाऊन टाकते. ३० छिद्रे धरा, २४० मि.मी. होतात आणि १० मि.मी. हातात राहतात. शिवाय ज्या पेटीत मोजतात ती पेटी कोणी केली, कशी केली, हे आपल्याला ठाऊक नसते. प्लायवूडची पेटी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखी राहत नाही. शाळेत ॲक्रिलिकची, आतून २५० ची पेटी करून घ्या आणि दर सरावाआधी रोबोट तीत ठेवा. तो सहज आत बसला पाहिजे. बोटाने वायर दाबून बसवला तर तो बसला असे धरू नये. चौकट उभी असताना वर रबराचा ताण असेल तर ताण दिलेल्या अवस्थेतच मोजा.

एक गंमत वाटावी अशी, पण खरी गोष्ट मुलांना दाखवा. नियम ‘घनात मावला पाहिजे’ असे म्हणतो, प्रत्येक भाग २५० पेक्षा लहान असावा असे म्हणत नाही. २५० च्या चौरसाचा कर्ण साधारण ३५३ मि.मी. असतो. त्यामुळे ३०० मि.मी.चा एक बारीक दांडा तळाशी तिरका ठेवला तर तो नियमात बसतो, आणि रोबोट सुटल्यावर तो सरळ करता येतो. पायथागोरसचे प्रमेय नववीच्या मुलांना एरवी कागदावरच भेटते.

राखीव पायाविषयी आमच्या भाषेत सांगतो. पार्ट वेगळा आणि असेंब्ली वेगळी. गिअर हा पार्ट आहे. चाके, मोटरी, बेअरिंगसकट जुळवून ठेवलेला पाया ही सब-असेंब्ली आहे, तिला ड्रॉइंगवर वेगळा नंबर असतो. पार्ट बदलला की मशीन दुरुस्त झाले असे आम्ही म्हणतो. मुलांनी गिअरच बदलायला शिकावे. तीन मिनिटांत चाक काढून गिअर बदलून पुन्हा बसवता येईल अशी रचना करणे हेसुद्धा रोबोट करण्यातलेच काम आहे. झाकण उघडल्याशिवाय स्क्रूपर्यंत हात पोहोचत नसेल तर ती रचना चुकली.

उत्तर : निपाणी_क्रीडाशिक्षिका

नमस्कार. मी मूळची क्रीडाशिक्षिका आहे, आणि शाळेत अटल टिंकरिंग लॅब आल्यावर रोबोटिक्सची जबाबदारी माझ्याकडे आली. पार्ट आणि असेंब्ली हा फरक वाचून मला आमच्या मुलांचा एक प्रसंग आठवला. एका स्पर्धेत लेखी नियम इंग्रजीत होते आणि सकाळची सूचना कन्नडमध्ये दिली गेली. त्या सूचनेत फेऱ्यांच्या मध्ये ‘बिडिभाग’ बदलता येतील असे सांगितले. आमच्या मुलांनी एकमेकांना मराठीत सांगितले, सुटे भाग बदलता येतील. अनुवाद चुकलेला नव्हता. पण मराठीत ‘सुटा भाग’ म्हटले की वेगळा काढून ठेवलेला कोणताही तुकडा डोळ्यांसमोर येतो, आणि मुलांनी एक अख्खा हात, मोटरीसकट, सुटा भाग म्हणून बदलला. सांगणाऱ्याच्या मनात चाक, पिन, गिअर होते. आपल्या भागात एकच नियम तीन भाषांतून मुलाच्या कानापर्यंत पोहोचतो, आणि भाग हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच असल्यामुळे अर्थही एकच आहे असे वाटून कोणी पुन्हा विचारत नाही. तेव्हापासून मी मुलांकडून नियमाचे वाक्य इंग्रजीत वाचून घेते, मराठीत लिहून घेते, आणि कन्नड शाळेतल्या एखाद्या संघाबरोबर बसून ताडून पाहायला सांगते.

चौकटीचा दर्जा क्षणात बदलतो हे परीक्षक सरांनी लिहिले, ते मुलांना अवघड वाटत असेल तर कबड्डीची लॉबी सांगा. चढाई करणारा आणि बचाव करणारे यांची झटापट होईपर्यंत लॉबी मैदानाबाहेर असते. झटापट झाली की तीच लॉबी मैदानाचा भाग होते. आमची सहावीची मुलेही हे न चुकता सांगतात. पट्टी तीच, चुना तोच, घडलेल्या गोष्टीने तिचा दर्जा बदलतो. बिनदोरीची चौकट मैदानाला टेकून रोबोटपासून सुटली की तिचेही तसेच होते.

आणखी एक विनंती, सर. नियमाविषयी परीक्षकांशी बोलायचे असेल तर ते मुलांनी बोलावे अशी तयारी करून घ्या. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये स्पर्धा चालू असताना प्रशिक्षकाला मुलांच्या जागेत जाऊन सूचना देता येत नाही. तेथे मुलगी किंवा मुलगा एकटाच उभा असतो. माझ्या एका विद्यार्थिनीने मागच्या वर्षी पुस्तिकेचे पान उघडून, बोट ठेवून, ‘सर, येथे सुरुवातीच्या स्थितीत असे लिहिले आहे’ एवढेच म्हटले होते. तेवढ्याने परीक्षकांनी पुन्हा वाचले आणि निर्णय बदलला. तिने आवाज चढवला नाही आणि दुसरे कारणही जोडले नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : खानापूर_विज्ञानशिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा छापून मी काल वर्गात नेला आणि मुलांसमोर ठेवला. वकीलसाहेबांचे वाचन ऐकून आधी सगळे गप्प झाले. मग ज्या मुलाने दोरीची कल्पना काढली होती तोच म्हणाला की परत येण्याचे गुण आपल्याला मिळायला नकोच होते. शून्य मिळाल्यापासून तो मुलगा फारसा बोलत नव्हता. आपली चूक नेमकी कोठे होती आणि कोठे नव्हती, हे त्याला प्रथमच कोणीतरी वेगळे करून दाखवले, आणि त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

दोरी काढायची असे मुलांनीच ठरवले. चौकट वाकडी पडण्याचे कारण शोधले तर तिचा डावा बिजागर उजव्यापेक्षा एक छिद्र पुढे बसवलेला आढळला. तो मागे घेतल्यावर दहापैकी नऊ वेळा ती सरळ पडली. सुरुवातीची लांबी मोजली, ती २४८ मि.मी. निघाली, म्हणजे टूलरूमवाल्या दादांनी सांगितले तेच आम्ही केलेले होते. आता मागची एक पट्टी कमी करून ती २४० वर आणत आहोत. ॲक्रिलिकच्या पेटीसाठी गावातल्या पाट्या करणाऱ्या दुकानात माप दिले आहे. राखीव पाया सुटा करून त्याचे भाग पेटीत वेगवेगळे ठेवले आहेत आणि दोन मुली गिअर बदलण्याचा वेळ मोजत आहेत. काल साडेसहा मिनिटे लागली.

पुढील स्पर्धेच्या आयोजकांना पाठवायचे पत्र मुलांनी आधी मराठीत लिहिले आणि नंतर इंग्रजीत केले. मराठी मजकूर येथे देतो, कोणाला त्यात त्रुटी दिसली तर कृपया परवापर्यंत सांगावी, कारण त्यानंतर ते पाठवायचे आहे.

‘महोदय, आपल्या नियमपुस्तिकेत रोबोट या शब्दाची व्याख्या आढळली नाही, म्हणून खालील तीन बाबींवर लेखी उत्तर मिळावे ही विनंती. मोटर, सेन्सर अथवा नियंत्रक नसलेला आणि फेरीत रोबोटने मैदानावर सोडलेला भाग त्यानंतर रोबोटचा भाग धरला जाईल का? २५० मि.मी.ची मर्यादा फक्त सुरुवातीच्या स्थितीला लागू आहे की संपूर्ण फेरीला? दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मोटर बदलल्यास, तसेच चाके व मोटरींसह संपूर्ण पाया बदलल्यास, या दोन्ही बाबतींत रोबोट तोच मानला जाईल का? आपले उत्तर सर्व संघांना कळवावे, म्हणजे सर्वांना एकाच वाचनाने तयारी करता येईल.’